रहाटाचा दुखवटा

हारुन नाखवा मेला तो पलंगावर, तक्क्याला टेकून, चहाची वाट बघत. वय झालं होतं, एक हात केव्हाचा लुळा पडला होता, तेव्हा रडणं-भेकणं जेवढं व्हायचं तेवढं झालं आणि बायका डोळे पुसून कामाला लागल्या. बिल्किसही रडली. नाखव्याशी तिचं काही वाकडं नव्हतं. वाकडं आलं ते त्याच्या दुखवट्याशी.

वेळबंदर गाव खाडीच्या तोंडाशी. खाली धक्का, होड्या आणि नाखव्यांची कौलारू घरं. वर कातळाच्या कडेने मोहल्ला आणि त्याला लागूनच खारव्यांची वाडी. माणसं वर आणि पाणी खाली, अशी देवाने की कुणी गावाची मांडणी करून ठेवलेली. गोड्या पाण्याची बाव एकच, खाडीच्या अंगाला, आणि तिथून वर यायला जांभ्या दगडाची पाखाडी. पायऱ्या कुणाच्या तरी आजोबांनी बांधलेल्या, मधल्या कित्येक झिजून बशीसारख्या झालेल्या. सकाळ-संध्याकाळ बायका डोक्यावर हंडा आणि कमरेवर कळशी घेऊन ती पाखाडी चढत. बाप्ये समुद्रावर. जे समुद्रावर नसत ते धक्क्यावर बसून समुद्राच्या गोष्टी करत. नाखव्याच्या परसात वेगळी विहीर होती, त्यामुळे त्याच्या घरच्या बायकांना पाखाडी कशी असते ते फक्त खालून दिसे.

बंदराची एक जुनी रीत होती. नाखवा किंवा गलबत हाकणारा तांडेल मेला की बंदरातल्या सगळ्या गलबतांची, होड्यांची शिडं उतरवायची आणि तिसऱ्या दिवसाची जियारत, कबरीवरची दुआ, होईपर्यंत वर चढवायची नाहीत. मेलेला खारवी असला तरी तेवढेच दिवस. वाऱ्यावर पोट भरलेल्या माणसाला वाऱ्यावर चालणाऱ्या वस्तूंनी मान द्यायचा. रीत चांगलीच होती, तिला कोण नावं ठेवील? फक्त ती बाप्यांनी बाप्यांसाठी केलेली होती आणि त्यात कुणाला काही खटकत नव्हतं.

त्याप्रमाणे हारुन नाखव्याला दफन करून आल्यावर शिडं उतरली. मग बिल्किसचा सासरा, मुसा तांडेल, बावीवर गेला आणि त्याने वाऱ्याचा रहाट बंद केला.

हा रहाट म्हणजे सरकारने बसवलेली पवनचक्की. बावीवर उभा केलेला लोखंडी मनोरा, त्याच्या डोक्यावर पत्र्याच्या पात्यांचं मोठं चाक, मागे शेपटी. खाडीच्या तोंडातून वारा आला की शेपटी वळायची, चाक वाऱ्याला सामोरं जायचं, खाली पंपाचा दांडा वर-खाली होऊ लागायचा आणि नळातून पाणी पाखाडीच्या कडेकडेने थेट वर, मोहल्ला आणि वाडीच्या मधल्या टाकीत पडायचं. सरकारी कागदात त्याला काहीही म्हणोत, बायकांनी पहिल्या दिवशीच त्याचं नाव वाऱ्याचा रहाट ठेवलं. बैल नको, माणूस नको, डिझेल नको. दुपारचा वारा सुटला की दिवेलागणीपर्यंत टाकी भरे. बायका टाकीच्या नळाच्या चावीखाली हंडा ठेवून नुसत्या उभ्या राहत आणि पाण्याचा आवाज ऐकत. उभं राहून हंडा भरणं ही काय चैन आहे, हे पाखाडी न चढलेल्या माणसाला सांगून कळायचं नाही.

तो रहाट बिल्किसने आणला होता. गावात असं कुणी म्हणत नसे, पण खरं तेच होतं.

आदल्या साली तिची नणंद अजरा बाळंतपणाला माहेरी आली होती. सातवा महिना. घरात बसून काय करू म्हणत कळशी घेऊन बिल्किसबरोबर बावीवर गेली. येताना मधल्या झिजलेल्या पायरीवर तिचा पाय सटकला. बिल्किस मागेच होती, डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी, दोन्ही हात गुंतलेले. हंडा टाकून हात पुढे करीपर्यंत अजरा कडेवरून खाली गेली होती. संध्याकाळी ती गेली आणि तिच्या पोटातलं पोरही गेलं. मुसा तांडेलाची एकुलती एक लेक. दुसऱ्या दिवशी धक्क्यावरच्या सगळ्या होड्या नेहमीसारख्या भरतीवर बाहेर पडल्या आणि पांढरी शिडं फुगवून समुद्रात गेल्या. बिल्किसने ती पाखाडीच्या डोक्यावरून पाहिली. मुसा तांडेल दाढी मुठीत धरून ओसरीवर बसला होता. रीत नव्हती, तर तो काय बोलणार?

पुढे विकास योजनेचा साहेब गावात आला. सुधारलेल्या जातीच्या कोंबड्या पाळा म्हणून सांगायला. सभा झाली, बाप्यांनी माना हलवल्या. साहेब जीपमध्ये बसायला निघाला तर बिल्किस आणि खारव्यांची राही जीपच्या तोंडाशी आडव्या उभ्या.

"सायेब, कोंबड्यांना बी पानी लागतं," बिल्किस म्हणाली होती. "ते आदी वर चढवा."

आणि तिने त्याला पाखाडी उतरायला लावली, ती पायरी दाखवली. साहेबाच्या बुटातही तिथे पाय घसरला, म्हणून असेल, पण त्याने मनावर घेतलं. सहा महिन्यांनी लोखंड आलं. राखणीला माणूस हवा तर मुसा तांडेलापेक्षा वाऱ्याची ओळख कुणाला जास्त? तो हाकत होता ते गलबत विकलं गेलं होतं, बंदरात इंजिनाच्या लाँचा येऊ लागल्या होत्या, म्हातारा रिकामा बसून कुजत होता. रहाट आला आणि त्याला पुन्हा वारा मिळाला. रोज तेलपाणी करी, मनोऱ्याखाली बसून चाकाकडे बघत राही. पात्यांना तो शिडंच म्हणे. वादळी वारा आला की खालचा चाक अडवायचा दांडा ओढून ते थांबवी आणि त्याला म्हणे, शीड उतरवलं.

तेव्हा आता नाखव्यासाठीही त्याने ते उतरवलं. दांडा खाली ओढला, काथ्याच्या दोराने करकचून बांधला, आणि मान खाली घालून मातमाच्या घरी जाऊन बसला. कुणी सांगितलं नव्हतं त्याला. कुणी नको असंही म्हटलं नाही. वाऱ्यावर चालतं ते उतरवायचं, मग रहाट कसा सुटेल, एवढा साधा हिशेब. जगात दुसरीकडे कुठे पवनचक्कीला दुखवटा पाळायला लावला असेल असं वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाकी कोरडी पडली. पाहुणे आलेले, चहाची आधणं चढलेली, पाणी तर हवंच. बायकांनी माळ्यावर टाकलेल्या चुंबळी शोधून काढल्या आणि पाखाडी उतरल्या. चार महिन्यांत मानेची सवय मोडली होती. राहीच्या सासूला तर मधेच बसावं लागलं. खाली बावीवर वारा नुसता भणाणत होता. चैत्रातला खारा वारा, पदर डोक्यावर ठरत नव्हता. वर चाक बांधलेल्या बैलासारखं थरथरत होतं आणि खाली बायका वाकून दोराने पाणी ओढत होत्या.

"असं काय गो ह्ये?" राही म्हणाली. "नाखव्याला पानी नको का?"

"नाखव्याला मान पायजे," बिल्किस म्हणाली. "पानी आपल्याला पायजे."

हसण्यावारी नेलं त्यांनी. एक दिवस आणखी, मग सुटेल. बिल्किसच्या ओठांवर बरंच आलं होतं, पण तिने ते गिळलं. गिळायची सवय होतीच.

आणि नेमका त्याच दुपारी तो साहेब आला. तोच नव्हे, त्याच्या जागी बदलून आलेला. कोवळा, पांढरी पँट, डोक्याला रुमाल बांधलेला. जीप टाकीपाशी थांबली. त्याने टाकीत वाकून पाहिलं, तळाला शेवाळ सुकत होतं. मग कडेवर जाऊन खाली पाहिलं. खाडीत लाटांवर पांढरं फुटत होतं, माड वाकत होते, आणि चाक ठप्प. बिल्किस तेवढ्यात हंडा घेऊन वर पोचली. मागे राही, मागे आणखी पाच-सहा जणी. साहेबाने हंड्यांची ती रांग पाहिली आणि मान हलवली.

"बंद पडली ना?" तो म्हणाला. "मला वाटलंच होतं."

"बंद नाय पडली," बिल्किसने हंडा उतरवला. दम लागला होता. "बंद केलीय. उद्या सुरू व्हईल. मयत झालंय."

"कुणी चालवणारा मेला?"

"नाय. नाखवा."

"मग त्याचा पवनचक्कीशी काय संबंध?"

हे तिला सांगता येईना. सांगितलं तिने, शिडांचं, रितीचं, पण सांगताना तिला स्वतःलाच ते कसंसंच वाटू लागलं. साहेब ऐकत होता आणि ड्रायव्हरकडे बघत होता. ड्रायव्हर तोंड फिरवून हसला.

"पवनचक्कीला सुतक?" साहेब म्हणाला. "बाई, बिघडली असेल तर बिघडली म्हणा. लाजायचं कारण नाही. पण अशा वाऱ्यात यंत्र उभं आणि तुम्ही डोक्यावरून पाणी वाहताय, म्हणजे एकतर यंत्र कामाचं नाही, नाहीतर गावाला त्याची गरज नाही. लांज्याकडचं एक गाव कधीचं मागतंय. त्यांना तरी उपयोग होईल."

"गरज नाय?" बिल्किसच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "थांबा. हितंच थांबा. आत्ता दावते चालवून."

हंडा तिथेच टाकून ती पाखाडी उतरली. पळतच. मधल्या पायरीवर मात्र सवयीने पाय जपून ठेवला. धक्क्यावरून थेट नाखव्याच्या घरी, ओसरीवर, जिथे सगळा बाप्यांचा मेळा बसला होता. मातमाच्या घरी बाप्यांच्या ओसरीवर बाईमाणूस जात नाही. ती गेली.

"बावा, रहाट सोडा. सायेब आलाय. बंद बगितला तर उचलून नेतो म्हनतो."

सगळ्यांची बोलणी थांबली. मुसा तांडेलाने सुनेकडे पाहिलं नाही, समोरच्या जमिनीकडे पाहिलं.

"उद्या जियारत हाय," तो म्हणाला. "मग सोडीन."

"उद्या तो नसंल."

"सायेब येतात नि जातात गो. हारुनशेट एकदाच गेला. त्याच्या गलबतावर मी वीस वर्सां काडली. त्याच्या दुखवट्यात शीड चढवू?"

"ते शीड नाय, बावा. ते पानी हाय."

"घरी जा," म्हातारा म्हणाला. आवाज चढवला नाही त्याने. चढवला असता तर बरं झालं असतं. बाकीच्यांनी खाकरून, पायाची बोटं चाचपून, तिच्या जाण्याची वाट बघितली. यांतल्या एकाने तरी उठावं. एकाने तरी म्हणावं, तांडेल, बाईचं खरं आहे. कुणाच्या घरी प्यायला टाकीचं पाणी जात नव्हतं? पण सगळे रितीच्या मागे असे गप्प बसले होते, जणू काही सगळ्यांच्याच तोंडाला दोर बांधला होता.

ती घरी गेली नाही. बावीवर गेली. तांडेलाची गाठ, तिच्या बोटांनी सुटेना. नखं तुटली. राही तोवर खाली पोचली होती, तिच्या कमरेला मासळी कापायची सुरी होती. दोर कापला, दांडा दोघींनी मिळून वर ढकलला. चाक कुरकुरलं, शेपटी वळली, आणि मग असा काही झपाटा घेतला त्याने, की मनोरा हादरला. पंपाचा दांडा खाली-वर होऊ लागला. नळात पाणी गुरगुरत चढलं.

बिल्किसने वर पाहिलं. कातळावर टाकीपाशी कुणी नव्हतं. वरच्या उघड्या सड्यावरून जीपची तांबडी धूळ लांब चालली होती. पाखाडी उतरून खाली येण्याएवढी साहेबाला फुरसत नव्हती. तिथे थांब म्हणणारी एक बाई, तिच्यासाठी कोण थांबतं?

थोड्या वेळाने मुसा तांडेल आला. कापलेला दोर त्याने हातात घेऊन पाहिला. दांडा खाली ओढला, नवा दोर बांधला आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी जियारत झाली, फातिहा झाला, गोडाचं जेवण झालं, आणि त्याने स्वतःच्या हाताने रहाट सोडला. शिडंही चढली. गावाला वाटलं, झालं, संपलं.

वैशाखात ट्रक आला. सरकारी हुकूम. सोबत चार फिटर. कागद वाचून दाखवला तेव्हा बाप्यांना घाम फुटला, मग त्यांनी साहेबाच्या नावाने शिव्या दिल्या, सरकारच्या नावाने दिल्या, लांज्याच्या माणसांच्या नावानेही दिल्या. तिथे काजूच्या झाडांत याला कसला वारा मिळणार, म्हणून हसलेही. अर्ज करू म्हणाले, रत्नागिरीला जाऊ म्हणाले. पण त्या दिवशी फिटरांनी रोजगार देऊ म्हटल्यावर तेच उठले. मनोऱ्याचे तुकडे, पाती, नळ, सगळं खांद्यावर घेऊन पाखाडीने वर ट्रकपर्यंत आणून टाकलं. मुसा तांडेल खाली उभा राहून, हे असं धरा, ते तसं धरा, सांगत होता. त्याचे डोळे वाहत होते. त्या पाखाडीवरून बाप्ये ओझं घेऊन चढताना बिल्किसने जन्मात पहिल्यांदा पाहिले. चढतात म्हणजे. चढता येतं यांना.  एवढा भार उचलणाऱ्यांनी कधी एक कळशी तरी वर आणली होती का? रहाट घालवायला खांदे आहेत, आणि अजरेच्या वेळी यांच्यातल्या एकाच्याही खांद्यावर हंडा नव्हता.

ट्रक गेला. संध्याकाळी बिल्किस हंडा घेऊन पाखाडी उतरली, पण बावीपर्यंत गेली नाही. मधल्या झिजलेल्या पायरीवर थांबली, हंडा पायरीच्या कडेला पालथा घातला आणि रिकाम्या हाताने वर आली. राही मागून येत होती. तिने पाहिलं आणि आपला हंडा त्याच्या शेजारी पालथा घातला. अंधार पडेपर्यंत पाखाडीच्या कडेने तांब्या-पितळेच्या हंड्यांची रांग लागली, मोहल्ल्याची आणि वाडीची, एकाला एक लागून.

पोरांपुरतं आणि आजाऱ्यांपुरतं पाणी बायकांनी आणलं. धडधाकट बाप्यांना नाही. सकाळी चहा नाही, आंघोळीला नाही, भात शिजवायला नाही. पहिल्या दिवशी त्यांनी थट्टा केली. दुसऱ्या दिवशी आरडाओरडा केला, एकाने हातही उगारला, पण त्याची आईच मधे येऊन उभी राहिली. तिनेही त्या पाखाडीवर केस पांढरे केले होते.

शेवटी मुसा तांडेल स्वयंपाकघराच्या दारात आला. ओठ सुकले होते त्याचे.

"काय चाललंय ह्ये बिल्किस?"

"दुखवटा हाय, बावा."

"दुखवटा? कोन गेलं?"

"अजरा."

म्हातारा म्हणाला, "तिला जाऊन साल झालं."

"तवा शिडं उतरवायची ऱ्हायली व्हती," बिल्किस म्हणाली. "आमी आता उतरवली. आमची शिडं तीच, पाखाडीवर पालथी घातलीत ती."

म्हाताऱ्याने चुलीजवळची लहान कळशी उचलली आणि बाहेर पडला. बिल्किस त्याच्या मागे पाखाडीच्या डोक्यापर्यंत गेली. राही आली, आणखी बायका आल्या. बाप्ये दारांतून बघू लागले.

म्हातारा खाली उतरला. ज्या बावीवर चार दिवसांपूर्वीपर्यंत चाक फिरत होतं, तिथे लोखंडाचे चार पाय कापलेले दिसत होते. त्याने दोराने पाणी ओढलं, कळशी खांद्यावर घेतली आणि चढू लागला. उलट्या वाऱ्यात गलबत हाकणारा माणूस, पण कळशी कुठे धरायची ते त्याला कळत नव्हतं. कधी या खांद्यावर, कधी त्या. पाणी हिंदकळून सदरा भिजला. मधल्या पायरीशी, पालथ्या हंड्यांपाशी, तो थांबला. पायाने पायरी चाचपली. त्याचा पाय त्या खोलगटात बसला आणि किंचित सरकला. त्याने हंड्यांच्या रांगेवर हात टेकून स्वतःला सावरलं.

मग त्याने कळशी दोन्ही हातांनी उचलली, सगळं पाणी पायरीवर ओतून टाकलं आणि ती हंड्यांच्या रांगेत पालथी घातली. तिथेच खाली बसला आणि लेकीचं नाव घेऊन रडू लागला. सालभर न रडलेलं एकदम आलं. दारातल्या बाप्यांनी डोक्यावरच्या टोप्या नीट केल्या. दोघीतिघींनी पदर डोळ्यांना लावला.

बिल्किसला रडू आलं नाही. पायरीवरून ओघळत जांभ्या दगडात मुरणारं ते पाणी ती बघत होती. अर्ध्या पाखाडीपर्यंत चढवलेलं पाणी. मान द्यायचा म्हटला की यांना थांबवणं आणि ओतून टाकणं एवढंच सुचतं. ती खाली उतरली, म्हाताऱ्याजवळ गेली आणि पालथी कळशी तिने सरळ करून त्याच्या पुढ्यात ठेवली.

"पानी सांडायचं नव्हतं, बावा," ती म्हणाली. "वर आनायचं व्हतं."

मुसा तांडेलाने सुनेकडे पाहिलं. तिने हात पुढे केला नाही, त्याला उठवलं नाही. तो स्वतःच उठला, सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसलं, कळशी उचलली आणि पुन्हा बावीकडे उतरू लागला. बिल्किसने वर दारांत उभ्या असलेल्या बाप्यांकडे पाहिलं आणि पहिला हंडा सुलटा करून पायरीवर ठेवला, त्यांच्यातल्या कुणी येऊन उचलावा म्हणून.